सुधारलेल्या माणसाला फाशी द्यायची का?

प्रश्न विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याने एका लहान मुलीचा जीव घेतला, त्याने तुरुंगात परीक्षा दिल्या, कविता लिहिल्या म्हणून त्याची फाशी रद्द करायची का? मरण समोर दिसलं की कोणीही गळ्यात माळ घालतो. आणि गेलेल्या लेकराच्या आईबापांना काय सांगायचं?

मी नागपूर खंडपीठात फौजदारी वकिली करतो. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी कायम होण्यासाठी उच्च न्यायालयात येते, तिथे आरोपीच्या बाजूने उभं राहणं आणि पुढे वेळ आलीच तर दया अर्ज लिहिणं, हे बरीच वर्षं माझं काम आहे. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझं उत्तर: हो, अशा माणसाची फाशी रद्द व्हावी. पण ‘बिचारा आता चांगला वागतो’ हे त्याचं कारण नाही. कारण वेगळं आहे आणि ते कायद्यातच आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. दया मिळाली म्हणजे माणूस सुटला, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपती किंवा १६१ खाली राज्यपाल फाशी रद्द करतात तेव्हा बहुतेक वेळा तिच्या जागी जन्मठेप येते. न्यायालयाने फाशी रद्द केली तरी तेच. पुण्यात २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. त्यातल्या दोघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली आणि एकूण ३५ वर्षं तुरुंगवास ठोठावला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली. त्यांनी सुटकाही मागितली होती, ती न्यायालयाने साफ नाकारली. तेव्हा वाद ‘सोडायचं की मारायचं’ असा नसून ‘आत ठेवायचं की मारायचं’ असा आहे. चर्चेत तो नेहमी पहिल्या रूपात मांडला जातो आणि तिथेच सगळा घोळ होतो.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे खुनासाठी जन्मठेप हा नियम आहे आणि फाशी हा अपवाद. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे शब्द दिले, ते सगळ्यांना पाठ आहेत. त्याच निकालातला दुसरा भाग फारसा कोणी वाचत नाही. शिक्षा ठरवताना आरोपीच्या बाजूने ज्या गोष्टी धरायच्या, त्यांत दोन अशा आहेत: हा माणूस पुढे समाजाला धोकादायक राहणार नाही अशी शक्यता, आणि हा सुधारू शकेल अशी शक्यता. या दोन्ही शक्यता नाहीत हे सरकारने पुराव्यानिशी सिद्ध करायचं आहे. आरोपीने ‘मी सुधारेन’ असं सिद्ध करायचं नाही. ‘हा सुधारणारच नाही’ हे सरकारने दाखवायचं.

म्हणजे फाशीच्या प्रत्येक शिक्षेत एक भाकीत गृहीत असतं. गुन्ह्याचं क्रौर्य हा तिचा एक पाय, आणि हा माणूस कधीच बदलणार नाही हे भाकीत दुसरा. पहिला पाय कायम राहतो, गुन्हा पुसला जात नाही. पण पंधरा-वीस वर्षांनी समोरचा माणूस त्या भाकिताला खोटं पाडत असेल, तर ज्या आधारावर ही शिक्षा दिली त्यातला अर्धा आधार उरलेला नसतो. मग ती अंमलात आणण्याचं समर्थन कशाच्या बळावर करायचं? मी दया मागतो ती या मुद्द्यावर. उपकार म्हणून मागत नाही.

‘पण न्यायाधीशांनी तेव्हा नीट विचार करूनच भाकीत केलं असेल ना?’ असं कोणी विचारेल. कसा विचार होतो ते सांगतो. दोषी ठरवल्याचा निकाल वाचला जातो आणि त्याच दिवशी दुपारनंतर, फार तर एक-दोन दिवसांनी, शिक्षेवर युक्तिवाद. बचाव पक्षाचे वकीलसाहेब उभे राहतात आणि म्हणतात, आरोपी तरुण आहे, घरात म्हातारे आईवडील आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी. सरकारी वकील म्हणतात, गुन्हा अमानुष आहे. झालं. आरोपी कोणत्या घरात वाढला, शाळा का सुटली, डोक्याला कधी मार लागला होता का, मनोविकार आहे का, दारू कोणत्या वयात लागली, यांतलं एक अक्षर रेकॉर्डवर येत नाही. ‘सुधारणेची शक्यता दिसत नाही’ हे वाक्य मात्र निकालपत्रात येतं, आणि ते गुन्ह्याच्या वर्णनावरूनच काढलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसत नव्हतं असं नाही. २००९ च्या बरियार निकालात, आणि हे प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं, न्यायालयाने सांगितलं की सुधारणा अशक्य असल्याचा पुरावा सरकारने द्यायला हवा, आणि १९९५ चा एक निकाल फक्त गुन्ह्याकडे बघून दिल्यामुळे तो बच्चन सिंगला धरून नव्हता. त्या १९९५ च्या प्रकरणातल्या माणसाला तोवर फाशी देऊन झाली होती. २०१८ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या एका प्रकरणात पुनर्विलोकन अर्जावर, म्हणजे न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा तपासावा या अर्जावर, फाशी रद्द करताना न्यायालयाने पुन्हा तेच बजावलं. शेवटी मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात स्पष्ट कार्यपद्धती घालून दिली: सत्र न्यायालयाच्या टप्प्यावरच आरोपीची मानसिक तपासणी, त्याची कौटुंबिक पार्श्वभूमी, तुरुंगातली वर्तणूक आणि काम यांचे अहवाल सरकारने हजर करायचे. बच्चन सिंगपासून मनोजपर्यंत ४२ वर्षं गेली. त्या ४२ वर्षांत ज्यांना फाशी सुनावली गेली त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत भाकीत अंदाजपंचे झालं, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता तुमच्या कवितांकडे येतो, कारण त्यामागे खरंच एक प्रकरण आहे, आणि ते एकटं वाचून चालत नाही. दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. दोन्ही महाराष्ट्रातले, दोन्हींत बळी लहान मूल.

पहिलं नागपूरचं. २००८ मध्ये चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिची हत्या. पुनर्विलोकनाच्या वेळी आरोपीच्या वकिलांनी तुरुंगातली कागदपत्रं दिली: इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा पदवीपूर्व तयारीचा अभ्यासक्रम पूर्ण, गांधी विचार परीक्षा उत्तीर्ण, चित्रकला स्पर्धेत भाग, वर्तणुकीवर एकही डाग नाही. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कागदपत्रं पाहिली आणि गुन्ह्याच्या क्रौर्यापुढे ती अपुरी ठरवून फाशी कायम ठेवली.

दुसरं प्रकरण मुलाचं अपहरण करून खून केल्याचं. आरोपी गुन्ह्याच्या वेळी २२ वर्षांचा. तुरुंगात १८ वर्षं काढलेली, तिथूनच बीए केलेलं, कविता लिहिलेल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कवितांचा निकालपत्रात खास उल्लेख केला. तरुणपणी केलेली चूक याला कळली आहे असं त्यांतून दिसतं, असं म्हणून फाशी रद्द केली.

दोन निकालांत दोन वर्षांचंही अंतर नाही. गुन्ह्यांत फरक आहे, आरोपींच्या वयात फरक आहे, मान्य. पण तुरुंगातून आलेला कागद एकाच जातीचा होता. एकाच्या बाबतीत त्याला सुधारणेचा पुरावा मानलं, दुसऱ्याच्या बाबतीत बाजूला सारलं. कारण प्रमाणपत्राचं वजन किती धरायचं याचं काही मापच आपल्याकडे नाही. वाचणाऱ्याच्या मनावर ते अवलंबून. कविता चांगली असती तर, किंवा न्यायमूर्तींना कवितेची आवड नसती तर, हा प्रश्न एखाद्याच्या जगण्यामरण्याच्या मध्ये उभा राहणं मला भयंकर वाटतं. ज्याला लिहिता येत नाही त्याने काय करायचं?

म्हणूनच प्रमाणपत्रांचा गठ्ठा जोडला की सुधारणा सिद्ध झाली, हे मी माझ्या ज्युनिअरना कधी मान्य करू देत नाही. तुरुंगात परीक्षा हा वेळ घालवायचा मार्गही असतो, आणि कोणता कागद वकिलाला लागतो हे कैद्यांना चांगलं माहीत असतं.

मग खरा पुरावा कुठे मिळतो? खरं तर तो तुरुंगातच असतो, पण कागदावर उतरत नाही. उच्च न्यायालयाने मागवलेला वर्तणूक अहवाल पाहा. एक पान, छापील नमुना. बंदी क्रमांक, दाखल दिनांक, तुरुंगातील शिक्षा: निरंक. वर्तणूक: समाधानकारक. अधीक्षकांची सही, गोल शिक्का. संपलं. वीस वर्षं आत असलेल्या माणसाचा अहवाल आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्या माणसाचा अहवाल अक्षरशः सारखा. कैद्याचं हिस्ट्री तिकीट मागवलं तर थोडं जास्त सापडतं: वजन, दवाखान्याच्या नोंदी, मुलाकतीला कोण आलं, कोणत्या वर्षापासून कोणीच आलं नाही.

माझ्या एका पक्षकाराच्या मुलाकतीच्या पानावर आधी आई, मग फक्त धाकटा भाऊ आणि पुढे कोरी पानं असं होतं. तो फाशी यार्डात बसून इतर बंद्यांचे रजेचे अर्ज लिहून देतो, हे मला एका शिपायाकडून कळलं. शिपाई म्हणाला, ‘साहेब, नवीन पोरगं रडायला लागलं की आम्ही त्यालाच हाक मारतो.’ हे प्रतिज्ञापत्रावर द्याल का, असं विचारल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली. नोकरीचा प्रश्न. आणि त्याचंही बरोबर आहे, कारण शिपायाचं मत विचारणारा रकाना त्या नमुन्यात नाहीच.

मी स्वतः काय बघतो, तेही सांगतो. पहिल्या भेटीत जवळजवळ प्रत्येक जण ‘ते घडलं’ असं बोलतो. ते घडलं, तेव्हा मी प्यायलेला होतो, मित्रांनी नेलं. काही वर्षांनी काहींच्या बोलण्यात ‘मी केलं’ येतं. थोडे त्याच्याही पुढे जातात आणि मेलेल्या माणसाचं नाव घेतात. बहुतेक जण कधीच घेत नाहीत. आजवर जे नाव घेताना दिसले, त्यांच्यापैकी कोणी ते माझ्यासमोर मुद्दाम करून दाखवत होतं असं मला वाटलं नाही. कारण त्याने अर्जात फायदा होतो हे त्यांना माहीतच नसतं. हा काही शास्त्रीय निकष नाही. माझा अनुभव, एवढंच.

आणखी एक विसंगती लोकांच्या लक्षात येत नाही. सुधारायला काहीतरी करायला मिळावं लागतं. फाशीच्या कैद्याला सश्रम कारावास झालेला नसतो, त्यामुळे त्याला इतर कैद्यांसारखं काम लावलं जात नाही, मजुरी मिळत नाही, माफीचे (शिक्षेतून कमी होणारे) दिवस साठत नाहीत, संचित रजा (फर्लो) नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम ३० त्याला इतरांपासून वेगळ्या कोठडीत, रात्रंदिवस पहाऱ्यात ठेवायला सांगतं. १९७८ च्या सुनील बत्रा निकालाने सांगितलं की दया अर्जासकट सगळे उपाय संपेपर्यंत त्याला असं एकांतात कोंडता येणार नाही. तरी प्रघात जुनाच, फाशी यार्ड वेगळंच. महाराष्ट्रात फाशीची व्यवस्था येरवडा आणि नागपूर इथे आहे, आणि या यार्डांत माणसं दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहतात. काम नाही, शाळा म्हटली तर अर्ज करून मिळवायची. आणि शेवटी आपण विचारणार: एवढ्या वर्षांत तू सुधारणेसाठी काय केलंस?

आता दया अर्जाचा टप्पा. राष्ट्रपतींनी दया नाकारली, अशी बातमी आपण वाचतो. प्रत्यक्षात राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेले असतात. फाइल गृह मंत्रालयात तयार होते. ही फाइल कोणत्या निकषांवर तपासतात, ते जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात छापलेलं आहे. सात मुद्दे आहेत. आरोपीचं वय, लिंग, मानसिक दुर्बलता किंवा चिथावणीसारखी परिस्थिती. पुराव्याबद्दल न्यायालयाला शंका होती का. नवा पुरावा मिळण्याजोगा आहे का. उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवली किंवा शिक्षा वाढवली का. न्यायाधीशांत मतभेद होते का. सामूहिक खुनात कोणाची जबाबदारी किती. तपास आणि खटल्यात फार विलंब झाला का. पुन्हा वाचा. शिक्षेनंतर माणूस बदलला का, हा प्रश्न त्या सातांत नाही. शिक्षा सुनावताना कायदा विचारतो, हा सुधारू शकेल का. वीस वर्षांनी, जेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर खरोखर देता येतं, तेव्हा कोणी विचारतच नाही. अर्जात आम्ही लिहितो, जोडपत्रं लावतो, पण पलीकडे त्याचा रकाना नाही.

आणि ठरवणाऱ्यांपैकी कोणीही त्या माणसाला भेटत नाही. डिसेंबर १९८८ च्या केहर सिंग निकालानुसार राष्ट्रपतींसमोर तोंडी म्हणणं मांडण्याचा हक्क नाही. २०१२ च्या जूनमध्ये काय झालं ते ऐका. त्या वेळी मंजूर झालेल्या दया अर्जांत एक अर्ज बेळगावच्या हिंडलगा तुरुंगातल्या कैद्याचा होता. त्याची फाशी रद्द झाल्याचा आदेश निघाला. तो कैदी २००७ मध्येच आजाराने वारला होता. माणूस जिवंत आहे की नाही हे ज्या फाइलला पाच वर्षं कळलं नाही, तिला तो बदलला की नाही हे कुठून कळणार?

परिणाम असा झाला आहे की आपल्याकडे फाशी रद्द होते ती बहुधा सरकारच्या दिरंगाईमुळे. शत्रुघ्न चौहान निकालात एका दिवशी पंधरा जणांची फाशी रद्द झाली, त्यात विलंब हे मोठं कारण होतं, काहींच्या बाबतीत मानसिक आजार. कोल्हापूरच्या बहिणींच्या प्रकरणात दया अर्जाला ७ वर्षं १० महिने १५ दिवस लागले, हे दिवस मोजून उच्च न्यायालयाने फाशी रद्द केली आणि सरकारच्या बेफिकिरीवर ताशेरे ओढले. त्या बहिणी तुरुंगात कशा राहिल्या हा मुद्दाच निर्णायक नव्हता. पुण्याच्या प्रकरणातही तेच, विलंब. लोक चिडतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. कारकुनाच्या टेबलावर फाइल पडून राहिली म्हणून जीव वाचला, असंच ते दिसतं. कायदेशीर कारण बरोबर आहे. रोज मरणाची वाट बघायला लावणं ही वेगळीच यातना आहे, आणि ती कोणी सुनावलेली नसते. पण ज्या समाजाला दयेचं कारण समजून घ्यायचं आहे, त्याला हे कारण पटणं अवघडच.

आता तुमचा माळेचा मुद्दा. हो, ढोंगी असतात. तुरुंगात भजन करणारा प्रत्येक जण बदललेला नसतो. पण चूक कोणत्या बाजूला झाली तर काय होतं, ते बघा. ढोंगी माणसाला खरा समजून फाशी रद्द केली, तर तो जन्मठेपेत आतच राहतो. पुढे त्याची सुटका करायची की नाही हे सरकारच्या हातात, आणि किमान १४ वर्षांची अट आहेच. न्यायालयं आता ३०-३५ वर्षं किंवा मरेपर्यंत तुरुंगवासही देतात. उलट, खरोखर बदललेल्या माणसाला ढोंगी समजून फासावर दिलं, तर दुरुस्तीला जागा नाही. पहिल्या चुकीची किंमत एक कोठडी आणि दोन वेळचं जेवण. एवढ्या साध्या हिशोबासाठी मनोविकारतज्ज्ञ लागत नाही.

वाल्याचा वाल्मीकी झाला, हा दाखला मी कोर्टात कधीच देत नाही. पक्षकारांचे नातेवाईक आग्रह करतात, तरी नाही. त्या गोष्टीने अपेक्षाच भलत्या उंचीवर जाते. माझा माणूस ऋषी झालेला नसतो. तो रागीट असतो, कधी खोटं बोलतो, जेवणावरून भांडतो. फक्त त्याच्या हातून पुन्हा खून होईल असं त्याच्याजवळ राहणाऱ्या कोणालाही वाटत नाही. कायद्याला एवढंच पुरेसं आहे.

पश्चात्तापाच्या मुद्द्यावर मात्र फार जपून जायला हवं. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, डिसेंबर २००५ मध्ये स्टॅनली विल्यम्स नावाच्या कैद्याला मृत्युदंड दिला गेला. टोळीचा सहसंस्थापक, चार खुनांचा दोषी. तुरुंगात राहून मुलांनी टोळ्यांच्या नादी लागू नये म्हणून पुस्तकं लिहिली. जगभरातून दयेची मागणी झाली. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी ती नाकारताना मुख्य कारण दिलं की खुनांची कबुली आणि माफी नसेल तर हे परिवर्तन खरं मानता येत नाही. विल्यम्स शेवटपर्यंत म्हणत राहिला की खून मी केलेले नाहीत. तो खरं बोलत होता की खोटं, त्यात मी जात नाही. पण हा नियम जालन्याला लावून बघा.

२००३ मध्ये भोकरदनजवळ एकाच कुटुंबातल्या पाच जणांची हत्या झाली. भटक्या समाजातल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकनात सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मधल्या वर्षांत एखाद्या अधिकाऱ्याने त्यांच्या वर्तणुकीच्या अहवालात ‘पश्चात्ताप दिसत नाही’ असं लिहिलं असतं, तर ते खरंच ठरलं असतं. न केलेल्या गुन्ह्याचा पश्चात्ताप कुठून आणणार?

पुण्यातल्या १९९४ च्या सात जणांच्या हत्याकांडाचंही असंच. एका दोषीची फाशी २०१६ मध्ये राष्ट्रपतींनी रद्द केली. दुसरा नागपूर तुरुंगात होता, राजस्थानचा. त्याच्या गावच्या शाळेतल्या नोंदीवरून चौकशी झाली आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षांनी तो बाहेर आला. सुधारणेचा मुद्दा तिथे गैरलागूच. त्याला फाशीच देता येत नव्हती. शाळेचं एक रजिस्टर कोणी आधी उघडलं असतं तर, एवढंच.

आईबापांचा प्रश्न मी टाळणार नाही, पण त्याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. त्यांचा राग रास्त आहे, आणि माझ्या पक्षकाराला माफ करा असं मी त्यांना कधी म्हणालो नाही, म्हणणारही नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. पण फाशीने त्यांना काय मिळतं ते मी कोर्टाच्या व्हरांड्यात बघितलंय. निकालाच्या दिवशी टीव्हीवाले येतात, पेढे वाटले जातात. मग उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन, राज्यपाल, राष्ट्रपती, पुन्हा उच्च न्यायालय. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी पत्रकार फोन करतो आणि मुलीच्या मरणाची तारीख विचारतो. देशात पाचशेहून अधिक माणसं फाशीच्या शिक्षेखाली आहेत आणि २००४ पासून आजवर प्रत्यक्ष फाशी झाली आठ जणांना. म्हणजे सरकार बहुतेक आईबापांना जे कबूल करतं ते कधीच देत नाही. सुरुवातीलाच तीस वर्षांची, सुटका नसलेली जन्मठेप दिली असती तर ते घर निकालाच्या दिवशी तरी मोकळं झालं असतं. हे माझं मत आहे. ते न पटणारे पालकही मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी मी वाद घातला नाही.

‘मग याकूब मेमनचं काय?’ असं कोणी ना कोणी विचारतंच. त्याने नागपूर तुरुंगातून एमए केलं, जुलै २०१५ मध्ये तिथेच त्याला फाशी झाली. त्याच्या बाजूने मांडलेला जोरकस मुद्दा सुधारणा हा नव्हता. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या कटातला त्याचा वाटा किती आणि तपासात त्याने केलेली मदत धरायची की नाही, हा होता. पदवीचा उल्लेख बातमीसाठी बरा होता, इतकंच.

आणि जो सुधारलाच नाही त्याचं काय? त्याच्या वतीने मी वेगळ्या मुद्द्यांवर लढतो. ज्याचं मानसिक संतुलन गेलंय त्याला सुधारणा दाखवताच येत नाही. सुधारणा हे फाशी रद्द करण्याचं पुरेसं कारण आहे. ते एकमेव कारण केलं तर वेडा आणि निरपराध, दोघेही त्यात मारले जातील.

आता तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून कामाचं सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर सांगितलेल्या नागपूरच्याच प्रकरणात, दया अर्ज फेटाळला गेल्यानंतरही, ठरवलं की मनोज निकालातली कार्यपद्धती पाळली नसेल तर अपवादात्मक परिस्थितीत शिक्षेचा मुद्दा पुन्हा उघडता येतो, आणि शिक्षेवर नव्याने सुनावणी घ्यायला सांगितलं. दोषसिद्धी तशीच राहिली. २०१७ मध्ये ज्या कागदांना वजन मिळालं नव्हतं, त्याच माणसाच्या आयुष्याची आता रीतसर तपासणी होणार. हा दरवाजा नवा आहे, किती उघडा राहील ते पुढची प्रकरणं ठरवतील.

दुसरीकडे मुदत आवळली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ नुसार, अपील किंवा पुनर्विलोकन फेटाळल्याचं अधीक्षकांनी कळवल्यापासून तीस दिवसांत दया अर्ज करायचा. राज्यपालांनी नाकारला तर साठ दिवसांत राष्ट्रपतींकडे. राष्ट्रपतींच्या निर्णयावर मात्र कोणतीही मुदत नाही. कैदी यार्डात, घरचे मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीवर किंवा बिहारमध्ये, आणि तीस दिवसांत एका माणसाचं अख्खं आयुष्य गोळा करायचं. म्हणून अपील चालू असतानाच कामाला लागावं लागतं.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तुम्हाला असं काम मिळालं, तर कवितांची वही शेवटी मागा. आधी शाळेचा दाखला आणि जनरल रजिस्टरचा उतारा, जन्मतारखेसाठी. मग हिस्ट्री तिकीट पूर्ण, पहिल्या पानापासून. तुरुंगाच्या दवाखान्यातले केसपेपर. मुलाकतीचं रजिस्टर. घरी जाऊन आई, भाऊ, जुने शिक्षक यांच्याशी बोला, आणि एका भेटीत कोणी खरं सांगत नाही हे धरून चाला. तुरुंगातून आलेला प्रत्येक कागद सहीशिक्क्यासह प्रमाणित प्रत म्हणून मागा. झेरॉक्सवर सरकारी वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतात.